निनावी वादकांचा शोध : जॅझ रसिकांचे श्रवण, पुनर्प्रकाशित तबकड्या आणि इतिहासलेखन

प्रास्ताविक

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, शिलालेख, ताम्रपट, सनदा आणि पत्रव्यवहार डोळ्यांसमोर येतात. ध्वनिमुद्रिका हेही इतिहासाचे अस्सल साधन होय, ही जाणीव आपल्या विद्यापीठीय अभ्यासात बरीच उशिरा रुजली. विसाव्या शतकात अमेरिकेत उदयास आलेल्या जॅझ संगीताचा इतिहास मात्र जवळजवळ सर्वस्वी ध्वनिमुद्रिकांवर उभा आहे. हे संगीत ऐन वेळी सुचणाऱ्या स्वरविस्तारावर जगते. त्याचे स्वरलेखन करता येते, परंतु त्यातील लय, आघात आणि स्वराचा पोत कागदावर उतरत नाही. त्यामुळे जॅझच्या अभ्यासकासाठी तबकडी हीच संहिता ठरते.

या संहितेची चिकित्सा प्रारंभी केली ती हौशी रसिकांनी. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन-तीन पुनर्प्रकाशित आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकायच्या, त्यांतील फरक टिपायचे, त्यावर तावातावाने वाद घालायचे; किंवा लेबल झाकून एखादी अनोळखी तबकडी लावायची आणि वादक कोण, काळ कोणता, हे केवळ कानाने ओळखायचे. बाहेरून पाहणाऱ्यास हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर किंवा भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर ज्या निष्ठेने श्रम झाले, त्याच जातीचा हा उद्योग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यातून शेकडो निनावी वादकांना, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, त्यांची नावे परत मिळाली. ती कशी मिळाली आणि कान नावाच्या या साधनाच्या मर्यादा कोठे उघड झाल्या, याचा विचार पुढे केला आहे.

लेबलवर नसलेली नावे

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या पाच गोऱ्या वादकांच्या संचाच्या दोन रचना मुद्रित केल्या. जॅझची पहिली प्रकाशित तबकडी म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. न्यू ऑर्लिन्समधील ज्या कृष्णवर्णीय वादकांनी हे संगीत घडवले, त्यांच्यापैकी किंग ऑलिव्हर यांच्या संचाला गेनेट कंपनीच्या रिचमंड (इंडियाना) येथील मुद्रणगृहात प्रवेश मिळाला तो एप्रिल १९२३ मध्ये. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्या संचात दुसरे कॉर्नेट वाजवीत होते. ज्यांना आद्य जॅझवादकांमध्ये गणले जाते त्या बडी बोल्डन यांचा तर एकही मुद्रित स्वर आज उपलब्ध नाही. अर्थात साधनांची ही यादी पहिल्या दिवसापासूनच एकांगी आहे, हे अभ्यासकाने लक्षात ठेवावयास हवे.

त्यावर भर म्हणून व्यापाराची रीत. तबकडीच्या लेबलवर रचनेचे शीर्षक, संचप्रमुखाचे नाव आणि कंपनीचा विक्री क्रमांक एवढेच छापले जाई. साथीदार वादक त्या दिवसाची ठरावीक बिदागी घेऊन घरी जात. त्यांची नावे छापण्याची कोणास गरज वाटत नसे. पुष्कळदा कंपनीच्या नोंदवहीतही वाद्यांची संख्या तेवढी आढळते, माणसांची नावे आढळत नाहीत. येथे आपल्याकडील एक विरोधाभास सहज आठवतो. १९०२ मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गौहरजान गाणे संपताच आपले नाव उच्चारीत असत. तबकडी जर्मनीत हॅनोव्हर येथे छापली जाई आणि कोणत्या मुद्रणावर कोणाचे लेबल लावायचे हे तेथील कामगारांना कळावे, असा त्यामागील व्यावहारिक हेतू सांगितला जातो. हेतू काहीही असो, नाव ध्वनीतच कोरले गेले. शिकागो वा न्यूयॉर्कच्या क्लॅरिनेटवादकाला ती संधी नव्हती.

नाव छापले गेले तरी ते खरे असेलच, असेही नाही. गिटारवादक एडी लँग हे इटालियन वंशाचे गोरे कलावंत. १९२८-२९ मध्ये त्यांनी लॉनी जॉन्सन या कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबर ओके कंपनीसाठी युगुलवादने मुद्रित केली, तेव्हा लेबलवर त्यांचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे छापले गेले. त्या काळी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने वेगळ्या याद्या निघत. दोन वर्णांचे दोन कलावंत एकत्र बसून वाजवतात हे उघडपणे लिहिणे बाजाराला मानवणारे नव्हते. म्हणून गोऱ्या वादकाला अंध कृष्णवर्णीय गायकाचे भासेल असे नाव देण्यात आले. पुढे करारांच्या अडचणीमुळे अशी टोपणनावे वाढत गेली. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या मैफलीच्या तबकडीवर चार्ली पार्कर यांचे नाव ‘चार्ली चॅन’ असे आहे, तर १९५८ मध्ये निघालेल्या लुई स्मिथ यांच्या तबकडीवर कॅननबॉल ॲडरली हे ‘बकशॉट ला फंक’ या गमतीदार नावाने वावरतात. ही नावे फसवी आहेत हे जाणकारांनी प्रथम ओळखले ते कानानेच. पार्कर यांचा सॅक्सोफोन ऐकल्यावर चॅन या नावावर कोण विश्वास ठेवणार!

सूचीकारांचा उदय

१९३० नंतरच्या मंदीत तबकड्यांचा धंदा बसला आणि १९२०च्या दशकातील मुद्रणे बाजारातून नाहीशी झाली. जुन्या तबकड्या शोधण्याचा छंद याच काळात वाढला. विद्यार्थी, पत्रकार, कारकून असे लोक जुन्या बाजारात, फर्निचरच्या दुकानांत, प्रसंगी कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार फिरून जुन्या तबकड्या गोळा करू लागले. काही सेंट देऊन घेतलेली तबकडी पुढे मौल्यवान ठरली; विकणाऱ्या कुटुंबाला त्या मोलाचा पत्ताही नसे. या छंदाची ही बाजू संग्राहकांच्या आठवणींत क्वचितच येते.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे होय. त्या वर्षी पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ आणि लंडनमध्ये हिल्टन श्लेमन यांची ‘ऱ्हिदम ऑन रेकॉर्ड’ ही सूची प्रसिद्ध झाली. दलोने हे रॉबेर आणि सोनिया दलोने या विख्यात चित्रकार दांपत्याचे चिरंजीव. संचानुसार, तारखेनुसार, प्रत्येक मुद्रणात कोण काय वाजवतो याची नोंद देण्याची जी पद्धत आज सर्वमान्य आहे, तिचा पाया त्यांनी घातला. पॅरिसला येणाऱ्या अमेरिकन वादकांना गाठून, त्यांना तबकड्या ऐकवून, ‘हा ट्रॉम्बोन कोणाचा?’ असे विचारून त्यांनी नोंदी भरल्या. जर्मन व्याप्त फ्रान्समध्ये प्रतिकार चळवळीशी असलेल्या संबंधांमुळे १९४३ मध्ये त्यांना अटक झाली. त्याही वर्षी त्यांच्या सूचीची नवी आवृत्ती निघालीच. एका महासागरापलीकडच्या देशाच्या संगीताचा पहिला व्यवस्थित दस्तऐवज युरोपात तयार व्हावा, यातून अमेरिकेची स्वतःच्या कृष्णवर्णीय कलेविषयीची अनास्था पुरेशी स्पष्ट होते.

अमेरिकेतही प्रयत्न सुरू झाले होते. न्यूयॉर्कमधील कॉमोडोर म्युझिक शॉप या दुकानाचे मिल्ट गेबलर यांनी मोठ्या कंपन्यांकडून जुने साचे घेऊन ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ या नावाने पुनर्प्रकाशने काढली आणि लेबलवर साथीदारांची नावे छापण्याचा पायंडा पाडला. १९४० मध्ये कोलंबिया कंपनीने जॉर्ज अवाकियन या येल विद्यापीठातील विद्यार्थ्याला जुन्या साठ्यातून पुनर्प्रकाशनाची मालिका तयार करण्यासाठी नेमले. कारखान्यातील साचे धुंडाळताना त्यांना आर्मस्ट्राँग यांची कधीच प्रकाशित न झालेली मुद्रणे सापडली. कंपनीच्या मालकीचा ठेवा कंपनीला ठाऊक नव्हता. तो एका विशीतल्या रसिकाला शोधावा लागला. पुढे बीबीसीच्या ग्रामोफोन ग्रंथालयात काम केलेल्या ब्रायन रस्ट यांनी १९६१ पासून जी प्रचंड सूची प्रसिद्ध केली, तिच्यावाचून १९४२ पूर्वीच्या जॅझचा अभ्यास आजही होऊ शकत नाही.

पाठभेद आणि शुद्ध प्रत

लेबलभोवतीच्या गुळगुळीत भागात एक क्रमांक उमटवलेला असतो. तो साच्याचा, म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. त्याच्या पुढे आणखी एखादे अक्षर वा अंक असतो. तीच रचना त्या दिवशी कितव्यांदा वाजवली गेली, हे त्यावरून समजते. जॅझमध्ये दुसऱ्यांदा वाजवलेली रचना पहिल्यासारखी नसते. कंपनीने काही वेळा मूळ साचा झिजल्यावर त्याच विक्री क्रमांकाखाली दुसरे वादन खपवले आणि ग्राहकाला काहीच सांगितले नाही. दोघा मित्रांकडे एकच तबकडी असून दोघांना वेगळे वादन ऐकू येते, अशा अनुभवांतून रसिकांची तुलनेची सवय घडत गेली.

तुलनेतील सर्वांत नाजूक प्रश्न गतीचा. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी प्रत्यक्ष मुद्रणाची गती कंपनीगणिक आणि दिवसागणिक बदले. गती चुकली की स्वरही वर-खाली सरकतो आणि वादकाचा तोल बदलतो. मग खरी गती ठरवायची कशी? जॅझमधील ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन या वाद्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट यांसारख्या पट्ट्या सोयीच्या. पुनर्प्रकाशित तबकडीत संच बी नॅचरलमध्ये वाजवताना ऐकू आला तर संशय घ्यावा, असा साधा परंतु पक्का दंडक रसिकांनी तयार केला. इंग्लंडमधील जॉन आर. टी. डेव्हिस (१९२७-२००४) हे या कामातील अधिकारी पुरुष. स्वतः वादक असल्यामुळे ते पट्टी ओळखत आणि तबकडीवरील ओरखडे धीराने, एकेक करून दूर करीत. याउलट १९५०-६०च्या दशकांत मोठ्या कंपन्यांनी एकमार्गी मुद्रणे कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवून ‘स्टीरिओ’ म्हणून विकली, आणि पुढे संगणकीय साधने आल्यावर खरखर काढण्याच्या भरात झांजांचा झंकारच पुसून टाकला. जुन्या लेण्यातील चित्रावर नवा रंग चढवावा तसा हा प्रकार.

या चिकित्सेची दोन उदाहरणे विस्ताराने पाहण्याजोगी आहेत. पहिले माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अतिप्रसिद्ध तबकडीचे. तिचे मुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी झाले. पहिल्या दिवशी मुख्य यंत्राची फीत किंचित मंद चालली. ती योग्य गतीने वाजवताच त्या दिवशीच्या तिन्ही रचना, म्हणजे तबकडीची पहिली बाजू, प्रत्यक्षापेक्षा थोड्या चढ्या स्वरात ऐकू येऊ लागल्या. तीस वर्षांहून अधिक काळ जगभर हाच पाठ प्रमाण मानला गेला. तबकडीबरोबर वाजवून सराव करणाऱ्या वादकांना आपलेच वाद्य बेसूर असल्यासारखे वाटे. त्या दिवशी सुरक्षेसाठी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली फीत १९९२ मध्ये वापरली गेली, तेव्हा कोठे शुद्ध पाठ हाती आला. येथे एक प्रश्न उरतो आणि त्यावर रसिकांत एकमत नाही : एका संपूर्ण पिढीने, त्यातील वादकांनीही, जो पाठ कानांत साठवला आणि ज्यावरून पुढचे संगीत घडले, तो ‘अशुद्ध’ म्हणून बाद करता येईल काय? इतिहासकाराने दोन्ही पाठ जपावेत. मुद्रणगृहात काय वाजले याची साक्ष एक देतो, लोकांनी काय ऐकले याची दुसरा.

दुसरे उदाहरण ड्यूक एलिंग्टन यांचे. फेब्रुवारी १९३२ मध्ये व्हिक्टर कंपनीने त्यांच्या वाद्यवृंदाची दोन दीर्घ मिश्रणे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या नव्या प्रायोगिक तबकड्यांसाठी मुद्रित केली. त्यांच्या दोन वेगवेगळ्या प्रती संग्राहकांना ठाऊक होत्या आणि त्या दोन स्वतंत्र वादनांच्या असाव्यात असा समज होता. ब्रॅड के आणि स्टीव्हन लॅस्कर या दोन संग्राहकांनी त्या बारकाईने ताडून पाहिल्या. स्वर न् स्वर सारखा, चुकाही सारख्या, फरक एवढाच की एका प्रतीत काही वाद्ये जवळ तर दुसरीत दूर. म्हणजे वादन एकच होते. दोन ध्वनिग्राहक दोन निरनिराळ्या यंत्रांना जोडून ते एकाच वेळी दोनदा टिपले गेले होते. दोन्ही प्रती एकत्र, अचूक मेळ साधून वाजवल्या तेव्हा १९३२ चा एलिंग्टन वाद्यवृंद खऱ्याखुऱ्या स्टीरिओत उभा राहिला. १९८५ मध्ये तो तबकडीरूपाने प्रसिद्ध झाला. ज्या काळात बाजारात स्टीरिओ नव्हतेच त्या काळचे हे मुद्रण. ते कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नव्हते. दोन प्रतींच्या तुलनेतून ते निष्पन्न झाले. पाठचिकित्सेचा इतका स्वच्छ विजय इतरत्रही दुर्मिळच.

डोळे बांधून घेतलेली परीक्षा

निनावी तबकडी ओळखण्याचा खेळ रसिकमंडळांत पूर्वीपासून चाले. त्याला छापील रूप दिले लंडनमध्ये जन्मलेल्या लेनर्ड फेदर या समीक्षकाने. १९४६ मध्ये ‘मेट्रोनोम’ मासिकात त्यांनी ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ हे सदर सुरू केले आणि पहिल्या परीक्षेस पियानोवादक मेरी लू विल्यम्स बसल्या. १९५१ पासून हे सदर ‘डाउन बीट’ मध्ये आले. कलावंताला नाव न सांगता तबकडी ऐकवायची, वादक ओळखायला सांगायचे आणि मत नोंदवायचे, एवढीच कृती. नाव माहीत नसताना दिलेले मत निर्भेळ असेल, ही त्यामागील धारणा.

ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज यांची १९५१ ची परीक्षा या सदराच्या इतिहासात विशेष गाजली. १९४०च्या दशकात जीन क्रुपा आणि आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदांत एकटे कृष्णवर्णीय वादक म्हणून त्यांनी अपार अपमान सोसले होते. ज्या सभागृहाच्या दर्शनी फलकावर त्यांचे नाव झळकत होते, त्याच्या दारात त्यांनाच अडवले गेले होते. काही काळ पॅरिसमध्ये राहून ते परतले तेव्हा, गोरा वादक आणि कृष्णवर्णीय वादक यांच्या वादनातील फरक आपण कानाने सांगू शकतो, अशी पैज त्यांनी फेदर यांच्याशी लावली. परीक्षा झाली. एल्ड्रिज पैज हरले आणि तसे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

या घटनेचा अर्थ लावताना घाई करू नये. संगीताला वर्ण नसतो, असा गोड निष्कर्ष काढून अनेकांनी हा विषय मिटवला. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. एल्ड्रिज यांचा कान हरला म्हणून त्यांचा अनुभव खोटा ठरत नाही. स्वरावरून वर्ण कळत नाही हे सिद्ध झाले. परंतु मग बिदागी, हॉटेलातील खोली आणि लेबलवरील नाव हे सारे वर्णावरून का ठरत होते, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो. परीक्षेत डोळे एल्ड्रिज यांचे बांधले होते. बाजाराचे डोळे सताड उघडे होते.

कानावर इतर दडपणेही असतात. जून १९६४ मध्ये माइल्स डेव्हिस यांनी याच सदरात एरिक डॉल्फी यांच्या वादनाची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला डॉल्फी बर्लिनमध्ये वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी निवर्तले. आज डॉल्फी यांची थोरवी निर्विवाद आहे. श्रेष्ठ कलावंताचा कान म्हणजे निष्पक्ष न्यायाधीश नव्हे, याचे हे बोलके उदाहरण होय.

तथापि मुरलेले रसिक नुसत्या आवडीवर ओळख पटवत नाहीत. त्यांची रीत अनुमानाची. ढोलाचा खर्ज नसून लाकडी ठोकळ्याची टकटक ऐकू आली, तर मुद्रण बहुधा १९२५ पूर्वीचे; कारण विद्युत ध्वनिग्राहक येण्याआधी कर्ण्यातून मुद्रण होई आणि मोठ्या ढोलाच्या आघाताने सुई उसळे. खालच्या स्वरांसाठी ट्यूबा आहे की तंतुवाद्य, यावरून दशकाचा अंदाज येतो. मग स्वराचा कंप, श्वास कोठे घेतला, वाक्य कोठे तोडले यांवरून माणूस. एवढे करूनही हात टेकावे लागतात. बिक्स बायडरबेक यांच्या आजारपणामुळे पॉल व्हाइटमन यांनी १९२९ मध्ये अँडी सीक्रेस्ट यांना वाद्यवृंदात घेतले आणि त्यांनी बिक्स यांची शैली इतकी आत्मसात केली की त्या वर्षीच्या काही तबकड्यांतील कॉर्नेट कोणाचे, यावर रसिकांच्या पिढ्या झगडल्या. २६ नोव्हेंबर १९४५ च्या सव्हॉय कंपनीच्या बैठकीतील चार्ली पार्कर यांच्या ‘को-को’ या वादनात ट्रंपेट डिझी गिलेस्पी यांचा की तरुण माइल्स डेव्हिस यांचा, हाही वाद वर्षानुवर्षे चालला. तबकडीवर पियानोवादक म्हणून ‘हेन गेट्स’ हे टोपणनाव छापल्याने गोंधळात भरच पडली. कान, स्मृती, संघटनेची कागदपत्रे आणि सहभागी वादकांच्या मुलाखती एकत्र केल्यावर ट्रंपेट गिलेस्पी यांचा, हे आज सर्वमान्य झाले आहे. कान वाट दाखवतो, निकाल कागद देतो. कागद नसेल तेथे निकाल राखून ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

मालक, चाचे आणि वारस

पुनर्प्रकाशनाचा हक्क कोणाचा, हा प्रश्न प्रथम चव्हाट्यावर आला तो एका विलक्षण प्रकरणामुळे. मोठ्या कंपन्या जुने जॅझ बाजारात आणीत नाहीत, हे पाहून दांते बोलेटिनो या तरुणाने १९५० च्या सुमारास ‘जॉली रॉजर’ या नावाने आर्मस्ट्राँग, बेशे, मॉर्टन यांच्या जुन्या मुद्रणांच्या परवानगीविना तबकड्या काढल्या. जॉली रॉजर म्हणजे समुद्री चाच्यांचे काळे निशाण. चोरी लपवण्याचा प्रश्नच नव्हता. खरी गंमत पुढेच. या तबकड्या छापून मिळत होत्या आरसीए व्हिक्टरच्याच कारखान्यातून, आणि त्यांत व्हिक्टरच्या मुद्रणांच्याही नकला होत्या! १९५१ मध्ये ‘रेकॉर्ड चेंजर’ या रसिकांच्या मासिकाने हे उघडकीस आणले. १९५२ मध्ये कोलंबिया कंपनी आणि स्वतः आर्मस्ट्राँग न्यायालयात गेले आणि जॉली रॉजर बुडाले. मात्र या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांना आपल्या तळघरांची आठवण झाली, हेही खरे.

अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांना. त्यापूर्वीच्या मुद्रणांचा प्रश्न २०१८ च्या कायद्याने हाताळला आणि त्यानुसार किंग ऑलिव्हर यांची १९२३ ची मुद्रणे १ जानेवारी २०२४ रोजी सार्वजनिक मालकीची झाली. तोवर शंभर वर्षे उलटली होती आणि त्या दिवशी वाजवणाऱ्यांपैकी कोणीही हयात नव्हते. ठरावीक बिदागीवर वाजवलेल्या साथीदारांना पुनर्प्रकाशनांतून सहसा काहीच मिळाले नाही. त्यांना रसिकांकडून मिळाले ते सूचीतील नाव. ते पुरेसे होते असे म्हणवत नाही. पण कंपन्यांनी तेही दिले नव्हते.

मालक नेहमी चांगला राखणदार असतो, हेही सिद्ध झालेले नाही. १ जून २००८ रोजी हॉलीवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ फितींचा साठा सापडला. हानी किती मोठी होती हे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वृत्तान्ताने जगापुढे आले; कंपनीने त्यातील आकड्यांचा प्रतिवाद केला. जॉन कोल्ट्रेन यांचे ६ मार्च १९६३ चे संपूर्ण मुद्रण तर कंपनीच्या साठ्यातून केव्हाच नाहीसे झाले होते. कोल्ट्रेन यांनी ऐकण्यासाठी घरी नेलेली एकमार्गी प्रत त्यांच्या पहिल्या पत्नी नाइमा यांच्या कुटुंबीयांकडे राहिली आणि तीवरून २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील दोन रचनांना नावेच नव्हती. प्रकाशकांनी त्यांची शीर्षके म्हणून साच्याचे क्रमांक तसेच ठेवले.

मुंबईतील तबकड्या

या साऱ्या व्यवहाराचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड येथेच रमले आणि १९४५ मध्ये कोलकात्यात मृत्यू पावले. त्यांनी भारतात मुद्रित केलेल्या तबकड्या युरोप-अमेरिकेतील सूचीकार आजही धुंडाळतात. या वादकांच्या सहवासात गोव्याहून आलेले कलावंत तयार झाले. मिकी कोरिया यांच्या संचाने ताजमध्ये दोन दशके वादन केले, तर आल्दोना गावचे आंतोनियो शाव्हिएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून गाजले.

हेच वादक दिवसा चित्रपटांच्या मुद्रणगृहांत वाजवीत. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील संगीतात चिक चॉकलेट यांचा सहभाग सर्वश्रुत आहे. परंतु चित्रपटगीताच्या तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट यांची नावे असत; ट्रंपेट कोणाचा, वाद्यमेळ कोणी लिहिला, हे नसे. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध करून गीतांची सूची शास्त्रशुद्ध केली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या अभ्यासाला व्यासपीठ दिले. वादकांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या वादकांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांचा ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये आला. दलोने यांनी १९३६ मध्ये जे काम वादक हयात असताना केले, ते आपल्याकडे होईपर्यंत चिक चॉकलेट जाऊन चार दशके झाली होती. कोणत्या गीतातील कोणता तुकडा कोणाचा, हे सांगू शकणारी माणसे तोवर मोजकीच उरली होती आणि नोंदवह्या त्याहून कमी.

माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक व वाद्यमेळकार अँथनी गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गीतात गुरूचे नाव गुंफले आणि ते देशभर घरोघरी पोचले. त्या नावाचा कोणी खरा माणूस होता हे ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. आणि ज्या तबकड्यांत त्यांचे व्हायोलिन वाजते, त्यांच्या लेबलवर ते नाव नाही.